६,३०० किलोमीटर, दोन बेटं आणि एक आखूड धावपट्टी

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, मग वाचा.

परवा भाचा मोबाईलवर विमानं कुठे कुठे उडतायत ते दाखवणारं ॲप घेऊन बसला होता. अटलांटिक महासागराच्या मधोमध एक विमान एकटंच दक्षिणेकडे सरकत होतं. आजूबाजूला ना जमीन, ना दुसरं विमान. त्याने विचारलं, "मामा, हे कुठे चाललंय? इथे तर काहीच नाही." मी सांगितलं, असेन्शन बेटावरून फॉकलंड बेटांवर चाललं असणार. लगेच पुढचा प्रश्न, "किती लांब? किती वेळ लागतो?"

अंतर सांगणं सोपं आहे. साधारण ६,३०० किलोमीटर. आपल्याकडचं माप लावायचं तर मुंबईहून रोमला जाण्याइतकं. फरक इतकाच की मुंबई-रोम वाटेत मस्कत, दुबई, कैरो, अथेन्स अशी उतरायला पन्नास ठिकाणं आहेत. इथे वाटेत फक्त पाणी.

वेळ सांगणं मात्र कठीण आहे. आज मोठं जेट विमान हे अंतर आठेक तासांत कापतं. १९८३ साली याच प्रवासाला बारा-तेरा तास लागायचे. १९८२ च्या एका रात्री एक विमान गेलं आणि न उतरता परत आलं, त्याला जवळपास सोळा तास लागले. आणि १९७० साली विचारलं असतंत तर उत्तर होतं, 'विमानाने जाताच येत नाही.' समुद्र तोच, अंतर तेच. मग वेळ का बदलत गेला? भाच्याला मी जे सांगितलं तेच जरा सविस्तर लिहितोय. कारण ही गोष्ट वाटते तितकी आपल्यापासून लांबची नाही. शेवटी ती आपल्या मालवण-निवतीच्या किनाऱ्यापर्यंत येते.

आधी दोन्ही बेटं ओळखून घेऊ

असेन्शन म्हणजे ज्वालामुखीचा एक सुळका. क्षेत्रफळ जेमतेम ८८ चौरस किलोमीटर. विषुववृत्ताच्या थोडं दक्षिणेला, आफ्रिका आणि ब्राझील यांच्या मध्ये. पोर्तुगीजांना ते १५०१ मध्ये दिसलं, आणि १५०३ मध्ये ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या सणाला तिथून जाताना त्याला हे नाव दिलं ते अफोन्सो द अल्बुकर्क याने. हो, तोच. सात वर्षांनी ज्याने गोवा घेतला तो. तेव्हा तो हिंदुस्थानच्याच वाटेवर होता. पुढे १८१५ मध्ये नेपोलियनला सेंट हेलेना बेटावर कैदेत ठेवलं, त्याला सोडवायला कोणी येऊ नये म्हणून ब्रिटिशांनी शेजारच्या असेन्शनवर पहारा बसवला. शेजारचं म्हणजे १,३०० किलोमीटरवरचं, बरं का.

फॉकलंड मात्र दक्षिण अमेरिकेच्या टोकाजवळ. लहानमोठी ७७८ बेटं, बारा हजार चौरस किलोमीटरचा मुलूख, वारा, गवत आणि मेंढ्या. १९८२ मध्ये माणसं होती सुमारे १,८००. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम गावाइतकी. अर्जेंटिनाचा किनारा तिथून पाचेकशे किलोमीटरवर. अर्जेंटिना या बेटांना माल्विनास म्हणतो आणि १८३३ मध्ये ब्रिटनने ती आपल्याकडून बळकावली असं सांगतो. ब्रिटन म्हणतो, इथले लोक आमचे आहेत, त्यांना विचारा. हे भांडण आजही मिटलेलं नाही.

विमानतळ नव्हता, तेव्हाही विमानं उतरली

फॉकलंडच्या आतल्या आत विमानं १९४८ पासून उडतायत. बेटावरच्या सरकारची छोटी विमानसेवा त्या वर्षी सुरू झाली, आणि तिच्या अगदी सुरुवातीच्या फेऱ्यांपैकी एक होती दूरच्या वस्तीवरच्या एका आजारी मुलीला स्टॅन्लीच्या इस्पितळात आणण्याची. म्हणजे तिथे विमान चैनीसाठी आलं नाही, रुग्णवाहिका म्हणून आलं. पण बाहेरच्या जगाशी संबंध बोटीनेच. 'डार्विन' नावाची बोट स्टॅन्ली आणि उरुग्वेचं माँटेव्हिडिओ यांच्यामध्ये ये-जा करायची. आपल्या आजोबांच्या पिढीला कोकण बोटी आठवतात ना, तसंच. पत्र, पिठाची पोती, नवरी, मयताची बातमी, सगळं बोटीने.

१९६४ च्या सप्टेंबरात मिगेल फिट्झजेराल्ड नावाचा अर्जेंटिनी वैमानिक एकटाच छोटं सेस्ना विमान घेऊन आला, स्टॅन्लीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानात उतरला, अर्जेंटिनाचा झेंडा लावला आणि परत उडून गेला. दोन वर्षांनी, सप्टेंबर १९६६ मध्ये त्याहून मोठं प्रकरण झालं. अठरा अर्जेंटिनी तरुणांनी आपल्याच देशाच्या विमान कंपनीचं प्रवाशांनी भरलेलं डीसी-४ विमान पळवलं आणि त्याच शर्यतीच्या मैदानात आणून उतरवलं. धावपट्टी नव्हतीच, चाकं चिखलात रुतली. गावातले लोक आधी मदतीला धावले, त्यांना वाटलं विमान संकटात आहे. पुढे बेटावरच्या पाद्र्याच्या मध्यस्थीने ते प्रकरण मिटलं.

लंडनमध्ये हा वेडेपणा म्हणून सोडून दिलं गेलं. पण त्यातला निरोप स्पष्ट होता: ज्याचं विमान इथे उतरेल, त्याचा इथे शब्द चालेल.

शेजाऱ्याच्या विहिरीवर घागर

१९७१ मध्ये ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्यात दळणवळणाचा करार झाला. विमानसेवा अर्जेंटिना देणार, बोटसेवा ब्रिटन देणार. कागदावर चोख. प्रत्यक्षात काय झालं? 'डार्विन' बोट त्याच वर्षअखेर बंद झाली आणि ब्रिटनने कबूल केलेली बोट काही आली नाही. अर्जेंटिनाने मात्र आपला शब्द पाळला. त्यांच्या हवाई दलाने चालवलेली 'लादे' ही विमानसेवा सुरू झाली. सुरुवातीला पाण्यावर उतरणारी विमानं, मग १९७२ मध्ये धातूच्या पट्ट्या अंथरून केलेली तात्पुरती धावपट्टी. तीही अर्जेंटिनानेच घातली.

आता बेटावरच्या माणसाला बाहेर जायचं तर अर्जेंटिनाच्या विमानातून अर्जेंटिनाच्या कोमोदोरो रिवादाव्हिया गावी जायचं. हजार किलोमीटरच्या आतलं अंतर. त्यासाठी अर्जेंटिनाने दिलेलं एक पांढरं कार्ड जवळ बाळगायचं. ब्रिटिश पासपोर्ट तिथे चालायचा नाही, कारण अर्जेंटिनाच्या लेखी हे लोक त्यांचेच होते. इंधनही अर्जेंटिनाच्या सरकारी तेल कंपनीचं. मोठं आजारपण आलं की इलाज अर्जेंटिनात. पोरांचं पुढचं शिक्षणही कित्येकांचं तिकडेच.

लोकांची सोय झाली, हे खरं. पण पाणी शेजाऱ्याच्या विहिरीवरून भरायची सवय लागली की आपली विहीर खणायचं राहून जातं, आणि एक दिवस शेजारी म्हणतो, रहाट माझा, दोर माझा, मग वाडीही माझीच की!

हे ओळखणारा माणूस ब्रिटनमध्ये होता. लॉर्ड शॅकल्टन. दक्षिण ध्रुवाच्या मोहिमांमुळे गाजलेल्या अर्नेस्ट शॅकल्टन यांचा मुलगा. १९७६ मध्ये त्यांनी बेटांच्या अर्थव्यवस्थेचा अहवाल सरकारला दिला. त्यात एक शिफारस होती: स्टॅन्लीला कायमची धावपट्टी होतेय ती लांब करा, लांबच्या पल्ल्याची विमानं थेट उतरू द्या. सरकारला खर्च परवडेना. १९७९ मध्ये स्टॅन्लीचा विमानतळ सुरू झाला तो सव्वा किलोमीटरच्या धावपट्टीचा. अर्जेंटिनाहून येणाऱ्या विमानांना पुरेल इतकीच. म्हणजे पैसा ब्रिटनचा आणि दार उघडलं फक्त अर्जेंटिनाच्या बाजूला.

१९८१ मध्ये लंडनने आणखी काटकसर काढली. त्या समुद्रात गस्त घालणारं 'एन्ड्युरन्स' जहाज काढून घ्यायचं ठरलं. विमानवाहू जहाजं कमी करायचं ठरलं. त्याच वर्षीच्या नागरिकत्व कायद्यात बेटावरच्या बऱ्याच लोकांना पूर्ण ब्रिटिश नागरिकत्वही नाकारलं गेलं. ब्युनोस आयर्समधल्या लष्करी राजवटीने या सगळ्याचा अर्थ लावला: ह्यांना बेटं नकोच आहेत.

२ एप्रिल १९८२ ला अर्जेंटिनाचं सैन्य स्टॅन्लीत उतरलं.

आता असेन्शनकडे या

ब्रिटन ते फॉकलंड हे अंतर जवळपास तेरा हजार किलोमीटर. वाटेत ब्रिटनला उतरू देईल असा देश नाही. दक्षिण अमेरिकेतले देश उघडपणे मदत करणार नव्हते. मग नकाशावर उरला एकच ठिपका, असेन्शन. आणि तो नेमका अर्ध्या वाटेवर. इंग्लंडपासून सुमारे ६,७५० किलोमीटर, फॉकलंडपासून ६,३००.

तिथली धावपट्टीही गमतीशीर आहे. बेट ब्रिटिशांचं, पट्टी अमेरिकनांची. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, ब्राझीलहून आफ्रिकेकडे जाणाऱ्या विमानांना मध्येच टेकायला जागा हवी म्हणून अमेरिकन सैन्याच्या इंजिनियरांनी लाव्हा फोडून ती तीनेक महिन्यांत बांधली. तिथे घरटी करणाऱ्या कुररी पक्ष्यांच्या कलकलाटावरून नाव पडलं 'वाइडअवेक', म्हणजे टक्क जागा. पुढे क्षेपणास्त्रांच्या चाचण्या आणि अवकाश मोहिमांसाठी अमेरिकेने ती वाढवून तीन किलोमीटरची केली.

म्हणजे बघा, ज्या धावपट्टीच्या जोरावर ब्रिटन लढू शकला ती अमेरिकेने स्वतःच्या गरजेसाठी बांधलेली, लांबी अमेरिकेने वाढवलेली, आणि १९८२ मध्ये तिथलं कामकाज पाहत होती एका अमेरिकन विमान कंपनीची माणसं. आठवड्याला चार-दोन विमानं पाहणारी ही पट्टी त्या एप्रिलमध्ये दिवसाला शेकड्यांनी उड्डाणं हाताळू लागली.

सोळा तासांची रात्र

३० एप्रिल १९८२. त्याच दिवशी अमेरिकेने आपण ब्रिटनच्या बाजूने असल्याचं जाहीर केलं. आणि त्याच रात्री असेन्शनवरून ब्रिटनची दोन व्हल्कन बॉम्बर विमानं आणि अकरा व्हिक्टर टँकर विमानं एकापाठोपाठ एक उडाली. मोहिमेचं नाव 'ब्लॅक बक', म्हणजे आपला काळवीट. लक्ष्य, स्टॅन्लीची धावपट्टी.

व्हल्कन ही विमानं निवृत्तीच्या उंबरठ्यावर होती. सोव्हिएत युनियनवर अणुबॉम्ब टाकायला बनवलेली, एवढ्या लांब जायला नाही. हवेत इंधन घ्यायची सवय वैमानिकांना वीसेक वर्षांत राहिली नव्हती. इंधन घ्यायच्या नळ्या जुन्या, मोडीत काढलेल्या आणि संग्रहालयांत ठेवलेल्या विमानांवरून शोधून आणल्या होत्या.

६,३०० किलोमीटर जाऊन परत यायचं, म्हणजे साडेबारा हजारांवर. एका टाकीत इतकं इंधन मावत नाही. म्हणून टँकर. पण टँकरलाही तेवढं लांब जाता येत नाही, म्हणून टँकरला इंधन देणारा दुसरा टँकर, त्याला देणारा तिसरा. एकेकाने आपली टाकी पुढच्याच्या टाकीत ओतायची आणि परत फिरायचं. शेवटी एकच व्हिक्टर आणि एकच व्हल्कन उरायचं. आपल्याकडे पाण्याची टंचाई असताना हंड्यांची साखळी लावतात, तशी ही आकाशातली इंधनाची साखळी.

पहिल्याच तासात गडबड झाली. मुख्य व्हल्कनची खिडकी नीट बंद होईना, ते परत फिरलं. राखीव विमान पुढे झालं, वैमानिक मार्टिन विदर्स. पुढे वादळात एका टँकरची नळी तुटली, कामं अदलाबदल झाली. शेवटच्या व्हिक्टरचा वैमानिक बॉब टक्सफर्ड याने व्हल्कनला इतकं इंधन दिलं की त्याला स्वतःला परत पोहोचण्यापुरतं उरलं नाही. आणि मदत मागायला रेडिओ उघडायचा नाही, कारण शत्रूला कळेल. मोहीम फत्ते झाल्याचा शब्द कानावर पडेपर्यंत तो गप्प बसून परत उडत राहिला. मग नवा टँकर त्याला वाटेत येऊन मिळाला.

पहाटेच्या आधी व्हल्कनने एकवीस बॉम्ब टाकले. प्रत्येकी साडेचारशे किलोचे. धावपट्टीला तिरकं ओलांडत. त्यातला एक, फक्त एक, नेमका धावपट्टीवर पडला. त्यानंतर उजाडता उजाडता 'हर्मीस' या विमानवाहू जहाजावरून उडालेल्या सी हॅरियर विमानांनी स्टॅन्ली आणि गूज ग्रीनच्या तळांवर हल्ला केला. व्हल्कन असेन्शनला परतलं तेव्हा सोळाएक तास झाले होते.

'हर्मीस' हे नाव लक्षात ठेवा. त्याच्याकडे परत यायचं आहे.

मग धावपट्टी बंद पडली का?

नाही. अर्जेंटिनी सैनिकांनी खड्डा भरला. दिवसा पट्टीवर मातीचे ढीग मांडून ठेवायचे, म्हणजे वरून फोटो घेतला की वाटावं अजून खड्डेच आहेत. रात्री ढीग बाजूला करायचे. त्यांची हर्क्युलस मालवाहू विमानं युद्ध संपायच्या आदल्या रात्रीपर्यंत तिथे उतरत होती. जखमी नेत होती, दारूगोळा आणत होती.

इथे आपल्याकडच्या जुन्या लोकांना काही आठवलं असेल. १८ डिसेंबर १९६१. आपल्या हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी गोव्याच्या दाबोळीवर बॉम्बवर्षाव केला. धावपट्टी उखडली. पण पोर्तुगीजांनी अंधारात ती घाईघाईने बुजवली आणि तिथे उभी असलेली दोन प्रवासी विमानं उरलेल्या तुकड्यावरून उडवून कराचीकडे काढली. आणि मुळात दाबोळी बांधलीच का होती? १९५० च्या दशकात भारताने गोव्याची नाकेबंदी केली, रेल्वे थांबली. गोवा जमिनीला जोडलेला असूनही बेट झाला. त्या बेटाला पोर्तुगीजांनी आकाशातून दार केलं. स्वतःची विमान कंपनी काढली, आधी कराची, मग थेट लिस्बनपर्यंत उड्डाणं नेली. धावपट्टी उखडणं वाटतं तितकं सोपं नसतं, आणि ती कोणासाठी बांधली हे तिच्या लांबीवरून कळतं.

स्टॅन्लीबाबतही लांबीनेच निकाल लावला, पण उलट्या बाजूने. ती पट्टी सव्वा किलोमीटरचीच असल्यामुळे अर्जेंटिनाची वेगवान लढाऊ जेट विमानं तिथे ठाण मांडू शकली नाहीत. त्यांना मुख्य भूमीवरूनच यावं लागायचं आणि ब्रिटिश जहाजांवर पोहोचल्यावर लढायला हाती मिनिटंच उरायची. लॉर्ड शॅकल्टन यांचं ऐकून ब्रिटनने लांब पट्टी बांधली असती तर? काही लोक म्हणतात, तीच अर्जेंटिनाच्या कामी आली असती. मला हे अर्धंच पटतं. लांब पट्टी असती तर ब्रिटनला चार दिवसांत फौज उतरवता आली असती, आणि हे माहीत असल्यावर अर्जेंटिना बहुधा आलाच नसता. आखूड पट्टीने युद्ध जिंकायला मदत केली असेल, पण युद्ध ओढवून आणण्यातही तिचा वाटा होता.

हिशेब काय लागला? १४ जून १९८२ ला अर्जेंटिनाने शरणागती पत्करली. अर्जेंटिनाचे ६४९ माणसं गेली, ब्रिटनची २५५. आणि बेटावरच्या तीन बायका, त्याही ब्रिटिशांच्याच तोफगोळ्याने. धावपट्टीचे वाचवलेले पैसे एका बाजूला आणि हे दुसऱ्या बाजूला ठेवून बघा.

मग अंतर तेच, वेळ वेगळा

युद्धानंतर अर्जेंटिनाचं दार बंद झालं. हजार किलोमीटरवरचं गाव नाहीसं झालं आणि फॉकलंडचा 'शेजारचा विमानतळ' झाला असेन्शन, ६,३०० किलोमीटरवरचा. स्टॅन्लीची पट्टी आखूड, म्हणून तिथे उतरणार हर्क्युलस, पंख्याचं विमान, बारा-तेरा तासांचा प्रवास, वाटेत हवेतच इंधन भरायचं. त्यातही गंमत म्हणजे हर्क्युलस मंद आणि व्हिक्टर टँकर वेगवान. दोघांचा वेग जुळावा म्हणून दोघांनी मिळून घसरगुंडीवरून उतरावं तसं खाली खाली येत इंधन द्यायचं-घ्यायचं. आणि इतकं करून स्टॅन्लीला वादळ असलं तर? परत फिरायचं. एका हर्क्युलसने असेन्शनहून निघून न उतरता परत यायला अठ्ठावीस तासांहून जास्त वेळ हवेत काढलाय.

मग ब्रिटनने जे १९७६ मध्ये नाकारलं होतं तेच केलं, आणि कितीतरी मोठ्या प्रमाणावर. १९८५ मध्ये माउंट प्लेझंटला अडीच किलोमीटरच्या वरची धावपट्टी सुरू झाली. मोठी जेट विमानं येऊ लागली, तेरा तासांचे आठ झाले. १९८३ मध्ये बेटावरच्या लोकांना पूर्ण नागरिकत्वही मिळालं होतं. जे अर्ज करून मिळालं नाही ते युद्धाने मिळालं.

१९९९ मध्ये अर्जेंटिनाशी समझोता होऊन चिलेहून आठवड्याला एक विमान येऊ लागलं, महिन्यातून एकदा अर्जेंटिनातल्या रिओ गायेगोसला थांबत. २०१९ च्या शेवटी ब्राझीलच्या साओ पावलोहूनही एक सेवा सुरू झाली, ती कोरोनात थांबली. २०१३ च्या सार्वमतात बेटावरच्या लोकांपैकी ब्रिटनसोबत राहायला नको म्हणणारे निघाले फक्त ३. माझ्या मते त्यात १९७० च्या दशकातल्या त्या पांढऱ्या कार्डाची आठवणही होती.

असेन्शनचं काय झालं?

गोष्ट इथे संपली असती तर बरं होतं. २०१७ मध्ये असेन्शनची धावपट्टी इतकी खराब झाली की मोठी विमानं उतरणं बंद करावं लागलं. फॉकलंडला जाणारं ब्रिटनचं विमान मग केप व्हर्दे बेटांवरून, कधी सेनेगलच्या डाकारवरून जाऊ लागलं. फॉकलंडच्या लोकांचं फारसं अडलं नाही.

अडलं असेन्शनच्या लोकांचं. तिथे आठशेच्या आसपास माणसं असतात, बरीचशी सेंट हेलेनाहून कामाला आलेली. जन्म तिथे झाला, उमेद तिथे गेली, तरी त्या बेटावर कायमचं राहायचा हक्क कोणालाच नाही. नोकरी संपली की निघायचं. आधी आठवड्यातून दोनदा थेट इंग्लंडला विमान होतं. ते गेलं. हातात राहिलं महिन्यातून एकदा सेंट हेलेनाला जाणारं छोटं विमान. तिथून जोहान्सबर्ग, तिथून लंडन. धावपट्टी दुरुस्त होऊन मोठी विमानं पुन्हा यायला २०२३ उजाडलं. ज्या बेटाने ब्रिटनला युद्ध जिंकून दिलं त्या बेटावरच्या माणसाला आई आजारी पडली तर पोहोचायचं कसं, हा प्रश्न सहा वर्षं होता. त्यासाठी कोणी टँकरांची साखळी लावली नाही.

आणि आता निवतीकडे

'हर्मीस' लक्षात ठेवा म्हटलं होतं. १९८१ च्या काटकसरीत मोडीत निघायचं होतं ते जहाज फॉकलंडच्या लढाईचं प्रमुख जहाज झालं. १९८६ मध्ये भारताने ते विकत घेतलं आणि १९८७ मध्ये ते आपल्या नौदलात आलं. नाव ठेवलं 'विराट'. जवळपास तीस वर्षं मुंबईच्या बंदरात आपण ते पाहिलं. नौदल दिनाला रांगा लावून त्याच्या डेकवर चढलेले आपल्यातले कितीतरी जण असतील. ज्या डेकवर आपण पोरांचे फोटो काढले, तिथून १ मे १९८२ च्या पहाटे ती हॅरियर विमानं उडाली होती. हे तेव्हा आपल्यातल्या किती जणांना माहीत होतं?

२०१७ मध्ये विराट निवृत्त झालं. २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने निवतीजवळच्या समुद्रात त्याचं संग्रहालय करायला ८५२ कोटींच्या योजनेला मंजुरी दिली. आपल्याकडे काय आनंद झाला होता! होमस्टेवाल्यांनी पाट्या रंगवायचंच बाकी होतं. पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. २०२० मध्ये जहाज ओढत अलंगला नेलं आणि तिथे तोडलं.

कोणावर आरोप करायला हे लिहीत नाहीये. ८५२ कोटी हा मोठा आकडा आहे, लोखंड खाऱ्या पाण्यात सडतं, हे सगळं मान्य. मला फक्त एक गोष्ट दिसते. दूरच्या माणसाशी नातं ठेवायला खर्च येतो. बोटीचा, धावपट्टीचा, डागडुजीचा. शांततेच्या काळात तो खर्च कायम 'परवडत नाही' या रकान्यात बसतो. स्टॅन्लीला बसला, असेन्शनला बसला. आपल्याकडेही बोटी बंद झाल्या तेव्हा बसला होता, आणि कोकणातली विमानसेवा सुरू होते, बंद होते, तेव्हा आजही बसतो. अंदमान-निकोबार, लक्षद्वीपच्या माणसाला तर हे रोजचंच आहे. तिथे हवामान बिघडलं, फेरी रद्द झाली की ऑपरेशनची तारीखही पुढे जाते.

भाच्याने शेवटी विचारलं, "म्हणजे मामा, बरोबर उत्तर काय? किती तास?"

म्हटलं, अंतर नकाशात बघ. तास किती लागतील ते नकाशा सांगत नाही. ते त्या बेटावरच्या माणसाची दिल्लीत, लंडनमध्ये, मुंबईत कोणाला किती पर्वा आहे त्यावर ठरतं.

विराटवर काढलेले जुने फोटो कोणाकडे असतील तर खाली टाका. आणि कोकण बोटीने प्रवास केलेलं कोणी घरात असेल तर त्यांना आजच विचारून ठेवा, किती तास लागायचे आणि कुठे उतरायचे. ते लिहून काढलं पाहिजे. संग्रहालय झालं नाही तर नाही, निदान आठवणी तरी भंगारात जायला नकोत.